एकाच आसावरची झीज

मागच्या प्रकरणात साखळी पाहिली. साखळी निदान तक्रार तरी करते. सैल झाली की आपटते, कोरडी पडली की करकरते, पावसात भिजून उभी राहिली की दुसऱ्या दिवशी तांबूस दिसते. तिला दर काही शे किलोमीटरला तेल द्यावं लागतं, आणि त्या निमित्ताने मालक पंधरवड्यातून एकदा तरी मागच्या चाकाशी उकिडवा बसतो. बेल्टच्या गाडीत हे बसणंच सुटतं. बेल्टला तेल लागत नाही, तो पँटवर काळे शिंतोडे उडवत नाही, घाट चढताना त्याचा आवाजही येत नाही. चार-पाच वर्षं तो बिनबोभाट चालतो आणि मालकाला त्याचा विसर पडतो. साखळी हळूहळू ताणत जाते आणि जाता जाता सूचना देते. बेल्टच्या आतला दोरा मात्र एकदा दुखावला की पुढे बहुधा सरळ तुटतो. म्हणून बेल्टच्या बाबतीत कान फारसे उपयोगी पडत नाहीत, डोळे लागतात.

माझी हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० आहे. तिचा मागचा टायर पहिल्यांदा बदलला तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. महामार्गालगतच्या एका दुकानात गेलो. टायर चढवणारा मुलगा हाताचा चलाख होता, पण त्याचा सारा सराव साखळीच्या गाड्यांवरचा. त्याने आस ओढून काढला, टायर बदलला, चाक बसवलं आणि बेल्ट अंगठ्याने दाबून बघत चांगला कचकचीत ताणला. मग आपुलकीने त्यावर चेनचा स्प्रेही मारला. म्हणाला, "आता बघा साहेब, वर्षभर हात लावायला नको." मला बरंच वाटलं. आठ दिवसांनी गाडी सोसायटीच्या फाटकातून हळू बाहेर काढताना मागून चिमणीच्या पिल्लासारखी चिरचिर ऐकू आली. उतरून पाहिलं तर बेल्टच्या बाहेरच्या कडेला काळी भुकटी जमली होती आणि कडेतून बारीक तंतू निघाले होते. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, खिळीपासून आसापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं, तर तीन मिलिमीटरचा फरक निघाला. चाक तिरकं बसलं होतं. टायर नवा कोरा आणि बेल्ट मात्र घासला जात होता.

त्या दिवसापासून टायर आणि बेल्ट ही दोन वेगळी कामं आहेत असं मी मानत नाही. दोघं एकाच आसावर उभे आहेत. बेल्टचा ताण कमीजास्त करायचा तर आस पुढे-मागे सरकवावा लागतो, आणि आस सरकला की चाकाची दिशा बदलते. टायर काढायचा तर बेल्ट उतरवावा लागतो. एकाला हात लावला की दुसऱ्याची मांडणी मोडते. एकाचं दुखणं समजायचं तर दुसऱ्यावरच्या खुणा पाहाव्या लागतात, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या खुणांविषयी आहे.

आधी हा बेल्ट कोणता ते स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे 'गाडीचा बेल्ट' म्हटलं की ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा बेल्ट आठवतो. तो डाव्या बाजूच्या झाकणाआड असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता असतो, आणि दोन शंकूंच्या चिमटीत वर-खाली सरकून गियरचं काम करतो. त्याचं काम घर्षणावर चालतं. मी सांगतोय तो दातांचा बेल्ट. पुढे गियरबॉक्समधून निघणारी लहान पुली, मागे चाकाला जोडलेली मोठी पुली, आणि दोघींच्या खोबणीत दाते अडकवून फिरणारा काळा रुंद पट्टा. तो घसरत नाही, कारण त्याला घसरायला जागाच नसते.

मोटरसायकलला बेल्ट ही कल्पना मात्र जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरसायकली चामड्याच्या पट्ट्यावर चालत, पहिल्या हार्लेही त्यातच आल्या. चामडं पावसात भिजलं की घसरे, उन्हात वाळलं की आकसे, आणि चढावर स्वाराला उतरून ढकलावं लागे. साखळी आली आणि चामडं मागे पडलं. पट्ट्याला दाते बसवायची युक्ती निघाली ती मोटरसायकलीसाठी नव्हे. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्राची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून दातांचा पट्टा तयार झाला. पण रबराचा पट्टा ताणला जातो, आणि मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा झटका तो सोसणार कसा? त्याचं उत्तर १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांना सापडलेल्या धाग्याने दिलं. पुढे तो केव्हलार नावाने प्रसिद्ध झाला. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट, आणि जवळजवळ न ताणला जाणारा. १९८० साली हार्लेने स्टर्जिस नावाची गाडी काढली. तिच्यात इंजिनकडून क्लचकडे जाणारा आणि गियरबॉक्सकडून चाकाकडे जाणारा, असे दोन्ही बेल्टच होते. पुढच्या दीड दशकात चाकाकडे जाणारा बेल्ट हार्लेच्या सगळ्या गाड्यांवर आला.

भारतात तो सामान्य स्वाराच्या आवाक्यात आला तो २०१४ मध्ये, स्ट्रीट ७५० मुळे. ही गाडी हरियाणातल्या बावल इथे तयार होत असे. २०२० मध्ये कंपनीने तिथलं उत्पादन थांबवलं, तरी तोवर विकल्या गेलेल्या गाड्या आजही कोल्हापूर-नाशिकच्या रस्त्यांवर दिसतात. आणि आता तर दातांचा बेल्ट विजेच्या दुचाकींमधूनही घरोघरी पोहोचला आहे. एथरच्या ४५० मालिकेच्या स्कूटर पाहा, रिव्होल्टची आरव्ही ४०० पाहा. त्यांच्या मालकांनाही पुढचं बरंचसं लागू आहे.

तपासणीला बसण्याआधी इंजिन थंड होऊ द्या. बेल्ट आणि पुली तापल्या की ताण बदलतो, म्हणून सकाळची वेळ उत्तम. गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून चाक फिरवत बेल्ट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. पुली आणि बेल्ट यांच्या मध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही. मागचं चाक उचलायला स्टँड नसेल तर हरकत नाही. बेल्टवर खडूने एक रेघ मारा आणि गाडी वीतभर पुढे ढकलत, बॅटरीच्या उजेडात एकेक दाता पाहा. रेघ पुन्हा समोर आली की पट्ट्याचा एक पूर्ण फेरा झाला. आधी साबणाच्या पाण्याने बेल्ट धुऊन घ्या. चिखलाखाली काही दिसत नाही, आणि कोकणातला तांबडा धुरळा तर भेगांमध्ये असा बसतो की भेग आहे की मातीची रेघ ते कळत नाही. तेल, ग्रीस, चेनचा स्प्रे यांतलं काहीही लावायचं नाही. तेलकटपणाला धूळ चिकटते आणि पुलीच्या खोबणीत घासपेपरचं काम करते. माझ्या बेल्टवरचा तो आपुलकीचा स्प्रे काढायला मला अर्धा रविवार लागला.

आता खुणा. प्रत्येक खूण वाईट नसते, आणि प्रत्येक वाईट खूण मोठी दिसत नाही. कडेला तंतूंची लव आली असेल तर घाबरायचं कारण नाही. आतल्या दोऱ्याचे टोकाचे धागे बाहेर डोकावतात, तेवढंच. बेल्ट चालवता येतो, फक्त लक्ष ठेवायचं. दात्याच्या आतल्या अंगाला केसासारख्या रेषा दिसल्या तरी तेच, लक्ष ठेवा. दात्याचा पापुद्रा इथे-तिथे किंचित उडाला असेल तर तेही सहन होतं. पण भेग दात्याच्या मुळाशी बाहेरच्या अंगाला आली असेल, किंवा एखादा दाता पूर्ण नाहीसा झाला असेल, तर त्या बेल्टवर पुढचा प्रवास करू नका. एक दाता गेला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यांवर पडतो, आणि मग त्यांचीही वेळ येते.

सगळ्यात फसवी खूण खडीची. आपल्याकडच्या रस्त्यांवर हीच जास्त भेटते. डांबरीकरणाआधी बारीक खडी पसरून ठेवलेली असते. टायर ती उडवतो, आणि एखादा खडा बेल्ट आणि पुली यांच्या मध्ये सापडतो. पुली पोलादासारखी कठीण आणि बेल्ट ताणलेला, त्यामुळे खडा पट्ट्यात रुततो किंवा आरपार जातो. बाहेरून पाहिलं तर एवढंसं भोक. पट्ट्याच्या मधोमध असेल, तर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे जपून चालवता येतो. पण भोक कडेला असेल तर बेल्ट बदलायचाच. पट्ट्याची ताकद आडव्या रांगेत ठेवलेल्या दोऱ्यांमध्ये असते. कडेचे दोरे तुटले की फाट तिथूनच आत धावते, आपण कापडाची कड कातरून मग ते फाडतो तशी. माझा स्वतःचा नियम कंपनीच्या पुस्तकाहून कडक आहे. खडा कुठेही आरपार गेला असेल, तर त्या बेल्टने मी लांबच्या प्रवासाला जात नाही.

दुसरी गंभीर खूण म्हणजे दात्यांची वळलेली टोकं. चांगल्या बेल्टचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे गोलसर असतात. ते एका बाजूने खाल्ले जाऊन आकड्यासारखे दिसू लागले, तर दोष एकट्या बेल्टचा नसतो, पुलीचाही असतो. मागची पुली साधारणतः ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर कडक क्रोमचा पातळ थर असतो. हा थर धुळीने झिजला की खालचं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं, खोबणीचा आकार बिघडतो आणि ती खोबण दरेक फेऱ्याला दात्याला एकाच बाजूने खात राहते. नुसत्या नजरेने हे कळत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. लोखंडावर रेघ मारायची टोकदार सळई घ्या आणि मध्यम जोराने खोबणीच्या तळावरून ओढा. ती घसरत गेली आणि मागे काही उमटलं नाही, तर क्रोम शाबूत. ती रुतली आणि चकचकीत ओरखडा राहिला, तर क्रोम गेलं. अशा पुलीवर नवा बेल्ट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही पुल्या आणि बेल्ट एकत्र बदलायचे. हा खर्च मोठा असतो, म्हणून गॅरेजमध्ये कोणी नुसता बेल्ट बदलू म्हणालं तर आधी सळई ओढून दाखवायला सांगा.

बेल्टचा झोल मोजताना बऱ्याच चुका होतात. हार्लेच्या पद्धतीत खालच्या बाजूच्या पट्ट्याच्या मधोमध साडेचार किलोचा जोर देतात आणि पट्टा किती मिलिमीटर सरकला ते पाहतात. हे साडेचार किलो म्हणजे मुळात दहा पौंड. किती सरकायला हवा हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकातून घ्या. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. काही मॉडेलांच्या बेल्टच्या आच्छादनाला एक छोटी खिडकी असते, तिच्यावरच्या रेघांवरून सरकलेलं अंतर थेट वाचता येतं. जोर मोजायला खास साधन मिळतं, पण प्रवासाचं सामान तोलायचा टांगता काटाही चालतो. पट्ट्यात दोरीचा फास अडकवून खाली ओढायचं आणि काट्यावर साडेचार आले की थांबायचं.

हे मोजताना गाडी कशी उभी आहे याला महत्त्व आहे. कारण चिमटा ज्या खिळीभोवती वर-खाली होतो ती खिळी आणि पुढची पुली एकाच जागी नसतात. त्यामुळे शॉकॲब्सॉर्बर दबला की दोन पुल्यांमधलं अंतर थोडं बदलतं आणि बेल्टचा ताणही बदलतो. साइड स्टँडवर मोकळ्या उभ्या गाडीत ठीक वाटणारा ताण दोघं बसल्यावर जास्त होऊ शकतो. म्हणूनच पुस्तकात नुसता आकडा नसतो, गाडी कशी उभी करून मोजायचं तेही लिहिलेलं असतं, आणि ते पाळायला हवं. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. पुली कधीच अगदी गोल नसते, म्हणून बेल्ट कुठे घट्ट तर कुठे सैल लागतो. ज्या ठिकाणी तो सगळ्यात घट्ट, तिथे ताण बसवायचा. सैल जागेवर बसवला तर घट्ट जागी तो गियरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्याची बेअरिंग ओढतो. ती बेअरिंग बदलायची वेळ आली की इंजिनची अर्धी बाजू उघडावी लागते. उलट बेल्ट फार सैल असेल, तर जोराने ॲक्सिलरेटर पिळला किंवा खड्ड्यात चाक आदळलं की दाते खोबणीतून उडी मारतात. कड्कड् असा एक आवाज येतो आणि तेवढ्यात दात्यांची मुळं दुखावली जातात. साखळीच्या सवयीने 'थोडं घट्टच असू दे' म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. माझ्या गाडीत नेमकी तीच चूक झाली होती.

बेल्टची आणखी एक गोष्ट, लडाख किंवा स्पितीला निघणाऱ्यांसाठी. तिकडे जाताना लोक जादा बेल्ट सोबत नेतात, ते शहाणपणाचंच आहे. पण तो बॅगेत मावावा म्हणून करकचून वेटोळं करतात. केव्हलारचा धागा ओढला तर प्रचंड ताकद दाखवतो, पण मुडपला तर तिथल्या तिथे त्याचे तंतू मोडतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या पुलीच्या व्यासाहून लहान वेटोळं कधीही करू नये, आणि पट्टा उलटा, म्हणजे दाते बाहेर काढून, मुडपू नये. जादा बेल्ट मोठ्या सैल वर्तुळात सामानावर बांधा. आणि रस्त्यात तो बसवायची वेळ आली तर काय काय उघडावं लागेल ते निघण्याआधी पाहून ठेवा. बेल्ट हा न जोडलेला अखंड फेरा असतो, साखळीसारखी त्याला कडी काढून मधून उघडता येत नाही. तो बदलायला बऱ्याच हार्लेंमध्ये चिमटाच सोडवावा लागतो.

आता टायरकडे वळू.

मागचा टायर पुढच्याच्या आधी संपतो, कारण इंजिनची ओढ त्याच्यावर असते आणि सामान, डिकी, मागे बसलेलं माणूस हे वजनही त्याच्यावर. पण तो कुठे संपतो यावरून गाडी कुठे आणि कशी चालवली ते कळतं. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव असं सरळ महामार्गाने नित्य जाणाऱ्याचा टायर मधोमध चपटा होतो. दुरून पाहिलं तर गोलसर पाठीऐवजी डोक्यावर सपाट पट्टी आणि दोन्ही बाजूंना कडा दिसतात. असा टायर कायद्याने अजून चालू असेल, पण हीच गाडी ताम्हिणी किंवा आंबोली घाटात नेली की फरक जाणवतो. वळणावर गाडी आधी झुकायला नको म्हणते, मग सपाट पट्टीची कड ओलांडली की एकदम कोसळल्यासारखी झुकते. ओल्या वळणावर हे सोसवत नाही. म्हणून माझ्या मते चपटेपणा हा नक्षीच्या खोलीइतकाच टायर बदलण्याचा आधार आहे, जरी कायद्यात त्याचं नाव नाही.

कायद्यात आहे ती खोली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. चारचाकीला ही मर्यादा १.६ आहे. मोजायला वेगळं शहाणपण लागत नाही. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं किंवा बारीक त्रिकोण शोधा, त्या रेषेत नक्षीच्या खोबणीत रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. तरी खोली मोजायची छोटी पट्टी घ्या, स्वस्त मिळते. एका ठिकाणी मोजून थांबू नका. मध्ये, डावीकडे, उजवीकडे, आणि टायरच्या घेरावर तीन जागी मोजा. ०.८ ही कोरड्या रस्त्यावरचीही शेवटची हद्द आहे. खोबणीचं काम पाणी बाहेर काढायचं, आणि मिलिमीटरभर खोलीतून आपल्याकडच्या जुलैचं पाणी निघत नाही. मेअखेरीस माझ्या टायरची मधली खोली दोनच्या खाली दिसली, तर मी पावसाळा त्याच्यावर काढत नाही. गुळगुळीत गोटा झालेल्या टायरवर 'एवढा पाऊस काढू आणि दसऱ्याला बदलू' हा हिशेब मी पुष्कळांकडून ऐकला आहे. तो हिशेब उलटा करा.

हवेचा परिणामही झिजेवर लिहिलेला असतो. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो, बाजूची भिंत दर फेऱ्याला लवते, तापते. जास्त असेल तर मधली पट्टी लवकर जाते. म्हणून मध्ये चपटा टायर दिसला की आधी विचारावं, महामार्ग जास्त की हवा जास्त? हवा थंड टायरमध्येच तपासायची. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो. दुपारी वीस किलोमीटर चालवून पंपावर पोचलेल्या टायरचा आकडा म्हणूनच खोटा असतो. तिथे जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर निघतो.

तळहात टायरवरून आधी फिरण्याच्या दिशेने आणि मग उलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागला, किंवा ठरावीक अंतरावर वाट्यांसारखे खळगे हाताला लागले, तर शॉकॲब्सॉर्बर थकला आहे, हवा कमी आहे किंवा चाकाचा तोल गेला आहे. एकाच जागी घासलेला सपाट ठिपका असेल तर कधीतरी ब्रेक दाबून चाक अडकवलं होतं. बाजूच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील तर ते वयाचं लक्षण. टायरचं वय बाजूलाच छापलेलं असतं. २००० सालापासून चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहितात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन संपतात. बेल्टच्या मोठ्या गाड्या आपल्याकडे अनेकदा फक्त रविवारी निघतात, म्हणून हे इथे मुद्दाम सांगतो. पाच वर्षं झाल्यावर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी दहा वर्षांच्या पुढे नेऊ नये.

आता दोन्ही खुणा एकत्र ठेवून पाहायच्या. उजवी बाजू डावीपेक्षा थोडी जास्त झिजली असेल, तर चाक तिरकं आहे असं लगेच म्हणू नका. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. रस्त्याची पाठ मध्ये उंच आणि कडेला उतरती असते, त्यामुळे सरळ उभी गाडीही टायरच्या किंचित उजव्या अंगावर चालते. शिवाय उजवी वळणं आपल्यासाठी मोठ्या फेराची असतात, त्या बाजूवर अंतर जास्त कापलं जातं. म्हणजे थोडी एकांगी झीज रस्त्याचीच असते. मग रस्ता दोषी की आस, हे कसं ठरवायचं? बेल्टकडे पाहा. पट्टा पुलीच्या मधोमध धावतोय, कडा स्वच्छ आहेत, भुकटी नाही, तर बहुतेक वेळा टायरची ती झीज रस्त्याची. पण पट्टा पुलीच्या एका कडेला चिकटून चालतोय आणि तीच कड तासल्यासारखी तिरपी झालीय, तर आस तिरका आहे. मग चिमट्याच्या खिळीपासून आसाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ सळईने अंतर घ्या. चिमट्यावर कोरलेल्या खुणांवर अगदी आंधळेपणाने विसंबू नका. अंतर मोजूनच खात्री होते.

टायर बदलायला काढाल तेव्हा बेल्टची पूर्ण तपासणी त्याच दिवशी करा. पट्टा सैल असतो, मागची पुली हातात येते, सळईची परीक्षा बसून नीट करता येते. चाकाची बेअरिंगही बोटाने फिरवून पाहा. नव्या टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच चढवा. आसाचा नट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळा, आणि आवळून झाल्यावर बेल्टचा झोल पुन्हा मोजा. नट आवळताना आस जागचा हलतो, आणि सैल असताना बरोबर लागलेला झोल आवळल्यावर बदललेला असतो. हे पुन्हा मोजणं दुकानात जवळजवळ कोणीच करत नाही. तिथे उभे राहा आणि करून घ्या. चाक काढताना ब्रेकची पॅडं मागे सरकलेली असतात. गाडी हलवण्याआधी मागचा पेडल कडक लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबा, नाहीतर पहिल्या सिग्नलला ब्रेक लागणारच नाही.

नव्या टायरवर पहिले दीडशेएक किलोमीटर जपून काढायचे. रबर गुळगुळीत असतं, पकड यायला वेळ लागतो. तेवढं अंतर झालं की एक सकाळ पुन्हा बेल्टसाठी ठेवा. माझ्याकडे यासाठी एक जुनी वही आहे. तारीख, किलोमीटर, नक्षीची खोली तीन ठिकाणी, घट्ट जागेवरचा झोल, कडेची अवस्था, एवढं तिच्यात लिहितो. त्या फसलेल्या टायरबदलानंतरच्या पानावर 'बाहेरची कड, तंतू, भुकटी' असं लिहिलंय. चाक सरळ करून घेतल्यानंतर चार पानांवर दर वेळी एकच शेरा आहे, 'तंतू तेवढेच'. बेल्ट अजून तोच आहे, आणि पुढच्या मे महिन्यात टायर निघेल तेव्हा पुलीवर पुन्हा सळई ओढून पाहायची आहे.